क्युरींच्या नावाचा उपचार

फ्रान्समधल्या कर्करोग रुग्णालयांत एका उपचाराला आजही ‘क्युरीथेरपी’ म्हणतात. बाकीचे जग त्यालाच ब्रॅकीथेरपी म्हणते. ‘ब्रॅकी’ हा मूळ ग्रीक शब्द, अर्थ आखूड किंवा जवळचा. किरणोत्सर्गी पदार्थ शरीराच्या आत, रोगाच्या जागेला अगदी खेटून ठेवायचा आणि ठरलेला वेळ संपला की काढून घ्यायचा, एवढीच त्यामागची कल्पना. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वेळेत सापडला, पिशवी काढण्याची शस्त्रक्रिया नीट पार पडली, तरी काही स्त्रियांना त्यानंतर हा उपचार सुचवावा लागतो. सुचवला की दोन प्रश्न ठरलेले असतात. ऑपरेशनमध्ये सगळे काढले म्हणता, मग हे आणखी कशाला? आणि असली वस्तू अंगात घातल्यावर घरी नातवंडांना जवळ घ्यायचे की नाही?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर वैद्यकशास्त्राला गेल्या पंचवीस वर्षांत नीट देता आले आहे. दुसऱ्यामागची भीती मात्र जुनी आहे, आणि ती उगाच आलेली नाही. या उपचाराला जिचे नाव मिळाले, त्या मेरी क्युरींच्या आयुष्यात त्या भीतीचे मूळही आहे आणि तिच्यावरचा उताराही.

मारिया स्क्लोडोव्स्काचा जन्म ७ नोव्हेंबर १८६७ रोजी वॉर्सात झाला. पोलंड नावाचा देश तेव्हा नकाशावर नव्हता, वॉर्सावर रशियाच्या झारचे राज्य होते. वडील गणित आणि पदार्थविज्ञान शिकवत. आई मुलींची शाळा चालवत असे. आईला क्षय होता. मुलांना संसर्ग होऊ नये म्हणून ती त्यांचे मुके घेत नसे, तिची ताटवाटी वेगळी असे. थोरली बहीण टायफसने गेली आणि तीन वर्षांच्या आत आईही गेली. मारिया तेव्हा दहा वर्षांची होती.

वॉर्साच्या विद्यापीठात मुलींना प्रवेश नव्हता. मारिया आणि तिची मोठी बहीण ब्रोन्या घराघरांतून चोरून भरणाऱ्या वर्गांना जात. पुढे दोघींनी एक करार केला. ब्रोन्याने पॅरिसला जाऊन डॉक्टर व्हायचे, मारियाने शिकवण्याची नोकरी करून तिला पैसे पाठवायचे, आणि ब्रोन्या मार्गी लागली की तिने मारियाला बोलावून घ्यायचे. त्यापायी मारियाने ऐन विशीतली अनेक वर्षे दुसऱ्यांच्या घरी मुलांना शिकवण्यात घालवली. त्यातल्या एका घरातल्या मुलाशी तिचे सूत जुळले. शिकवणीवाली बाई सून म्हणून चालणार नाही, असे त्याच्या आईवडिलांनी ठरवले. आपल्याकडच्या वाचकाला यात नवल वाटू नये.

१८९१ मध्ये, चोवीस वर्षांची होत असताना, ती पॅरिसला पोचली. सोर्बोनमध्ये १८९३ साली पदार्थविज्ञानाच्या पदवीत ती पहिली आली, पुढच्या वर्षी गणितात दुसरी. त्याच सुमारास पिअर क्युरींची ओळख झाली आणि जुलै १८९५ मध्ये दोघांनी साधेपणाने लग्न केले. पुढे प्रयोगशाळेतही घालता येईल असा गडद रंगाचा पोशाख तिने लग्नासाठी निवडला होता.

त्याच वर्षाच्या अखेरीस रॉन्टजेन यांनी क्ष-किरण शोधले. १८९६ मध्ये हेन्री बेक्वेरेल यांना युरेनियमच्या क्षारांतून आपोआप किरण बाहेर पडताना आढळले. क्ष-किरणांवर सगळे तुटून पडले होते, बेक्वेरेलच्या किरणांकडे फारसे कोणी बघत नव्हते. डॉक्टरेटसाठी विषय शोधणाऱ्या मादाम क्युरींनी नेमका तो उचलला. पहिली मुलगी आयरीन तेव्हा काही महिन्यांची होती. पिअर आणि त्यांच्या भावाने पूर्वी बनवलेले एक अतिशय सूक्ष्म विद्युतमापक यंत्र हाताशी होते. त्यावर त्या एकेक खनिज मोजत गेल्या. पिचब्लेंड या खनिजात जितके युरेनियम होते, त्याच्या मानाने त्यातून निघणारे किरण फार जास्त भरले. म्हणजे त्यात आणखी काहीतरी होते. जुलै १८९८ मध्ये त्यांनी पोलोनियमची घोषणा केली, डिसेंबरमध्ये रेडियमची. ‘रेडिओअॅक्टिव्हिटी’ हा शब्दही त्यांचाच.

रेडियम आहे असे म्हणणे वेगळे आणि ते हातावर ठेवून दाखवणे वेगळे. पिअर ज्या औद्योगिक विद्यालयात शिकवत, तिथे त्यांना एक पडकी शेड मिळाली. पूर्वी तिथे वैद्यकीय विद्यार्थी शवविच्छेदन करत, पण छप्पर गळू लागल्यावर ती जागा मृतदेहांसाठीही योग्य राहिली नव्हती. बोहेमियातल्या खाणीतून युरेनियम काढून उरलेला पिचब्लेंडचा चोथा पोत्यांनी येई. मादाम क्युरी तो मोठ्या भांड्यांत उकळत, लोखंडी दांड्याने ढवळत, गाळत, पुन्हा स्फटिक करत. कित्येक टन चोथ्यातून १९०२ मध्ये हाती आले ते एक दशांश ग्रॅम रेडियम क्लोराइड. रात्री नवरा-बायको शेडमध्ये जात, तेव्हा फळीवरच्या कुप्या अंधारात निळसर चमकत असत. त्या कुप्या त्यांनी कधी शिशाच्या पेटीत ठेवल्या नाहीत, उशापाशीही ठेवल्या. त्या काळी कोणाला काही ठाऊक नव्हते हे खरे. पण बोटांची टोके कडक होऊन सोलवटत होती, पिअरच्या पायांत असह्य कळा येत होत्या, दोघांचे वजन घटत होते. डॉक्टरच्या नजरेने हे वाचताना हात पुढे करून त्यांना त्या फळीपासून मागे ओढावेसे वाटते.

उपचाराची गोष्ट इथेच सुरू होते, आणि तीही एका भाजलेल्या डागापासून. १९०१ मध्ये बेक्वेरेल रेडियमची नळी जाकिटाच्या खिशात घालून हिंडले आणि पोटाची कातडी भाजून घेतली. पिअरनी तर मुद्दाम आपल्या दंडावर दहा तास रेडियम बांधून ठेवले. जखम झाली, ती भरायला महिने लागले, आणि त्यांनी तिची दिवसागणिक नोंद ठेवून ती विज्ञान अकादमीपुढे मांडली. निरोगी कातडी जळते, तर रोगट कातडीही जळेल. त्यांनी थोडे रेडियम पॅरिसच्या सँ-लुई रुग्णालयातले त्वचारोगतज्ज्ञ दान्लो यांना वापरायला दिले. त्वचेच्या क्षयावर आणि मग त्वचेच्या कर्करोगावर प्रयोग झाले. लवकरच अमेरिकेत आणि युरोपात डॉक्टरांनी रेडियमच्या नळ्या गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगात आत ठेवून पाहिल्या. क्ष-किरणांची तेव्हाची यंत्रे दुबळी होती. बाहेरून टाकलेले किरण पोटाच्या कातडीवरच संपत आणि आतल्या गाठीपर्यंत फारसे पोचत नसत. रेडियमची नळी मात्र थेट गाठीपाशी नेता येई.

इथे एक साधा नियम समजून घेतला की पुढचे सगळे सोपे होते. दिव्यापासून दुप्पट लांब गेलो की पुस्तकावर पडणारा उजेड निम्मा नाही, चौथाई होतो. तिप्पट लांब गेलो तर नववा हिस्सा. किरणांचेही तसेच. त्यामुळे रेडियमची नळी जिला चिकटून आहे त्या गाठीला भरपूर मात्रा मिळते आणि थोडे पलीकडे असलेल्या मूत्राशयाला, आतड्याला खूप कमी. जवळ असणे हेच या उपचाराचे बळ आहे. आणि रेडियम वर्षानुवर्षे जवळ बाळगणाऱ्याचे नुकसान होते, तेही याच नियमाने.

शुद्ध रेडियम काढण्याची रीत पेटंट करावी का, असा प्रश्न याच दिवसांत घरात निघाला. अमेरिकेतून विचारणा आली होती. पेटंट घेतले असते तर स्वतःची प्रयोगशाळा उभी राहिली असती, मुलीचे भविष्य सुरक्षित झाले असते. दोघांनी नकार द्यायचे ठरवले. हा पदार्थ रोगावर उपयोगी पडणार असेल तर त्यातून फायदा काढणे विज्ञानाच्या वृत्तीला धरून नाही, असे मादाम क्युरींचे मत होते. सगळी पद्धत त्यांनी जगासाठी खुली केली. कारखानदारांनी तिच्यावर पैसा केला. त्या निर्णयाची किंमत पुढे त्यांच्याच पदरात पडली, ते येईलच.

१९०३ मध्ये डॉक्टरेट आणि बेक्वेरेल यांच्यासह नोबेल. त्याच वर्षी त्यांनी अपुऱ्या दिवसांचे एक मूल गमावले. १९०४ च्या डिसेंबरात दुसरी मुलगी इव्ह झाली. १९ एप्रिल १९०६ ला पावसाळी दुपारी पिअर रस्ता ओलांडताना मालवाहू घोडागाडीखाली सापडले आणि जागीच गेले. मादाम क्युरी अडतीस वर्षांच्या होत्या. विद्यापीठाने पिअरचे काम त्यांच्याकडे सोपवले. सोर्बोनमध्ये शिकवणारी ती पहिली स्त्री. पतीचे व्याख्यान जिथे थांबले होते तिथूनच त्यांनी पुढे सुरुवात केली, एक शब्द इकडचातिकडचा न बोलता.

१९११ साली एका बाजूला अकादमीच्या निवडणुकीतला निसटता पराभव आणि वर्तमानपत्रांनी त्यांच्या खासगी आयुष्यावर उडवलेला चिखल, दुसऱ्या बाजूला रसायनशास्त्राचे दुसरे नोबेल. यावर बरेच लिहिले गेले आहे. माझ्या मते डॉक्टरांनी त्या काळातले त्यांचे दुसरेच एक काम जास्त लक्षात ठेवायला हवे. पॅरिसमधला डॉक्टर अमुक मिलिग्रॅम रेडियम वापरले म्हणे, व्हिएन्नातला तमुक, पण दोघांचे मिलिग्रॅम एकच आहेत याची खात्री काय? १९१० मध्ये ब्रसेल्सच्या परिषदेत किरणोत्सर्गाचे एकक ठरले आणि पिअरच्या स्मरणार्थ त्याला ‘क्युरी’ नाव मिळाले. एक ग्रॅम रेडियमशी ते जोडलेले होते. पुढच्या वर्षी मादाम क्युरींनी स्वतः सुमारे २२ मिलिग्रॅम रेडियम क्लोराइड काचेच्या नळीत बंद करून जगाचा मापदंड तयार केला. तो पॅरिसजवळ सेव्रला, जिथे मीटर आणि किलोग्रॅमचे नमुने असत, तिथे ठेवला गेला. औषधाची मात्रा मोजता आली नाही तर ते औषध आहे की विष, हे सांगता येत नाही. त्या डॉक्टर नव्हत्या, एकाही रुग्णाला त्यांनी रेडियम लावले नाही. पण उपचाराला वजनमाप त्यांनी दिले.

१९१४ मध्ये पॅरिसची रेडियम इन्स्टिट्यूट बांधून तयार झाली आणि महायुद्ध पेटले. फ्रान्सकडचे त्यांच्या ताब्यातले सगळे रेडियम म्हणजे जेमतेम एक ग्रॅम. जर्मन फौजा पॅरिसकडे येत होत्या. मादाम क्युरींनी ते शिशाच्या जड पेटीत घालून, पेटी शेजारी ठेवून, गर्दीच्या आगगाडीने बोर्दोला नेले, बँकेच्या तिजोरीत ठेवले आणि सैनिकांच्या गाडीने त्या परत आल्या. मग त्यांनी मोटारींत क्ष-किरण यंत्रे बसवायला घेतली. मोटार चालवायला शिकल्या, शरीररचना शिकल्या, सतरा वर्षांच्या आयरीनला हाताशी घेतले. सुमारे वीस मोटारी आणि दोनशे पक्की क्ष-किरण केंद्रे त्यांनी उभी केली. सैनिकांच्या अंगातल्या गोळ्या नेमक्या कुठे आहेत, हे शस्त्रक्रियेआधी समजू लागले. या यंत्रांना आजच्यासारखे संरक्षण नव्हते. युद्धातच त्यांनी रेडियमपासून निघणारा रेडॉन वायू काचेच्या बारीक नळ्यांत भरून लष्करी रुग्णालयांना पुरवला. रेडॉन चार दिवसांत निम्मा होतो, त्यामुळे नळ्या सतत नव्याने भराव्या लागत. रेडियम प्रयोगशाळेतच सुरक्षित राही आणि नळी रुग्णाकडे जाई, ही सोय मोठी होती.

युद्धानंतर इन्स्टिट्यूटच्या दोन बाजू नीट चालू लागल्या. एका बाजूला मादाम क्युरींची पदार्थविज्ञान आणि रसायनाची प्रयोगशाळा, दुसऱ्या बाजूला डॉ. क्लॉद रिगो यांची जीवशास्त्र आणि उपचारांची. स्त्रीरोगातल्या ब्रॅकीथेरपीचा पाया ज्या ठिकाणी घातला गेला, त्यांतले हे एक. रिगो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुचाच्या लाकडाचे छोटे दंडगोल बनवले, त्यांत रेडियमच्या नळ्या बसवल्या आणि ते योनीमार्गात ठेवून, थोडे रेडियम पण सलग अनेक दिवस, असा उपचार बसवला. स्टॉकहोममध्ये त्याउलट जास्त रेडियम थोड्या तासांसाठी, मध्ये आठवड्यांचे अंतर ठेवून देत. तिथल्याच हेमन नावाच्या डॉक्टरांनी गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगासाठी पिशवीत रेडियमच्या अनेक लहान कुप्या भरण्याची रीत काढली. पुढे शस्त्रक्रिया सुरक्षित झाली आणि पिशवी काढणे हाच मुख्य उपचार ठरला. रेडियम मग शस्त्रक्रियेच्या आधी किंवा नंतर जोड म्हणून उरले.

या उपचारांत रुग्ण बाईला दिवस दिवस पाठीवर पडून राहावे लागे आणि तिच्याजवळ जाणारी प्रत्येक नर्स, नळ्या हातांनी ठेवणारा प्रत्येक डॉक्टर किरण अंगावर घेई. उपचारातला हा दोष भरून यायला आणखी चाळीस वर्षे लागली.

आता त्या पेटंटची गोष्ट. १९२० च्या सुमारास एका अमेरिकी मासिकाच्या संपादक बाई भेटायला आल्या, तेव्हा त्यांना कळले की अमेरिकेत पन्नासेक ग्रॅम रेडियम आहे आणि ज्या बाईने ते शोधले तिच्या प्रयोगशाळेत एकच ग्रॅम, तेही मुख्यतः रुग्णालयांसाठी. आणखी एका ग्रॅमची किंमत एक लाख डॉलर होती. त्या संपादक बाईंनी अमेरिकेतल्या स्त्रियांकडून वर्गणी गोळा केली आणि मे १९२१ मध्ये व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांच्या हस्ते ते रेडियम मादाम क्युरींना दिले गेले. आदल्या रात्री त्यांनी देणगीचा कागद वाचला आणि अडून बसल्या. भेट त्यांच्या नावे होती. उद्या त्या गेल्या तर ते मुलींच्या मालकीचे होईल, हे त्यांना मान्य नव्हते. रात्रीच वकील शोधून कागद बदलून घेतला, रेडियम प्रयोगशाळेच्या नावावर केले, मगच त्या झोपल्या. १९२९ मध्ये त्या पुन्हा अमेरिकेला गेल्या, ते वॉर्सासाठी रेडियम मिळवायला. डॉक्टर झालेल्या ब्रोन्याने वॉर्सात रेडियम इन्स्टिट्यूटसाठी जिवाचे रान केले होते. १९३२ मध्ये ती सुरू झाली. चोरून शिकलेल्या दोन बहिणींच्या गावात आता कर्करोगाचे रुग्णालय होते.

याच दशकात रेडियमचे खूळही माजले होते. रेडियमचे टॉनिक, रेडियमची क्रीम, रेडियमचे पाणी बाजारात मिळे. अमेरिकेत घड्याळांच्या तबकड्या रेडियमच्या रंगाने रंगवणाऱ्या मुली ब्रशचे टोक ओठांत धरून बारीक करत. त्यांचे जबडे सडले, काहींचे जीव गेले. पोटात गेलेले रेडियम हाडांत जाऊन बसते आणि तिथून हलत नाही. बंद नळीत ठेवून, मोजून दिलेले आणि काढून घेतलेले रेडियम वेगळे, आणि गिळलेले रेडियम वेगळे. आपल्या मनातली ‘किरणोत्सर्गी’ या शब्दाची धास्ती बरीचशी त्या दुसऱ्या गोष्टीतून आलेली आहे.

मादाम क्युरींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला, अनेकदा शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्या ही गोष्ट लपवत. विद्यार्थ्यांना चिमटे वापरायला, रक्त तपासायला सांगत, स्वतः मात्र तितक्या काटेकोर नसत. जानेवारी १९३४ मध्ये आयरीन आणि तिचे पती फ्रेडरिक जोलिओ यांनी अॅल्युमिनियमवर पोलोनियमचे कण आदळवून कृत्रिम किरणोत्सर्गी पदार्थ तयार केला. निसर्गात न सापडणारा किरणोत्सर्गी पदार्थ आता माणसाला बनवता येणार होता. मुलीच्या हातून झालेला हा शोध पाहायला आई हयात होती. ४ जुलै १९३४ रोजी फ्रान्सच्या डोंगराळ भागातल्या एका आरोग्यधामात त्यांचे निधन झाले. निदान होते अप्लास्टिक अॅनिमिया, म्हणजे अस्थिमज्जा रक्त बनवायचे थांबवते तो आजार. १९९५ मध्ये त्यांचे अवशेष पॅरिसच्या पँथिऑनमध्ये हलवताना शवपेटीतले रेडियम मोजले गेले. ते अपेक्षेपेक्षा बरेच कमी भरले. त्यामुळे त्यांच्या आजाराला युद्धातल्या उघड्या क्ष-किरणांचा हातभार जास्त असावा, असा अंदाज तिथल्या तज्ज्ञांनी मांडला. आयरीनला पुढच्याच वर्षी नोबेल मिळाले. २ जानेवारी १९५० रोजी कोलकात्याच्या चित्तरंजन कर्करोग रुग्णालयाचे उद्घाटन करायला त्या भारतात आल्या होत्या. १९५६ मध्ये त्या ल्युकेमियाने गेल्या.

आज या उपचारात रेडियम वापरत नाहीत. ते निम्मे व्हायला १६०० वर्षे लागतात, आणि नळी फुटली तर रेडॉन वायू खोलीभर पसरतो. त्याची जागा माणसाने बनवलेल्या पदार्थांनी घेतली, म्हणजे आयरीनच्या वाटेने आलेल्यांनी. इरिडियम-१९२ हा त्यातला मुख्य, ७४ दिवसांत निम्मा होणारा. आपल्याकडे अनेक ठिकाणी कोबाल्ट-६० असते. ते निम्मे व्हायला सव्वापाच वर्षे लागतात, त्यामुळे वारंवार बदलावे लागत नाही आणि सरकारी रुग्णालयांना परवडते. १९६० च्या आसपास न्यूयॉर्कचे डॉ. हेन्श्के आणि इतरांनी दुसरा बदल केला. आधी रिकामी नळी रुग्णाच्या शरीरात बसवायची, सगळे बाहेर गेल्यावर मगच तिच्यात किरणोत्सर्गी दाणा पाठवायचा. आता हे काम यंत्र करते. दाणा तांदळाच्या दाण्याहून बारीक, एका तारेच्या टोकाला जोडलेला. नव्या इरिडियमच्या त्या दाण्यात साधारण दहा क्युरी किरणोत्सर्ग असतो. क्युरीच्या मूळ मापाने पाहिले तर अमेरिकेने मादाम क्युरींना दिलेल्या रेडियमच्या दहापट. म्हणून तर दिवसांचे काम मिनिटांत होते.

आता पहिल्या प्रश्नाकडे. पाळी गेल्यानंतर अंगावरून लाल जाणे हे या कर्करोगाचे नेहमीचे लक्षण, आणि ते दिसणारे असल्यामुळे हा रोग बहुधा पहिल्या टप्प्यात सापडतो. पिशवी, नळ्या आणि अंडाशय काढले की बऱ्याच जणींना पुढे काहीच लागत नाही. ज्यांचा रोग पिशवीच्या स्नायूत खोल गेला आहे, पेशी जास्त आक्रमक आहेत, वय साठीच्या पुढे आहे, अशांच्या बाबतीत धोका राहतो. हल्ली गाठीतले जनुकीय बदलही त्यात धरतात. नेदरलँड्समधल्या ‘पोर्टेक’ नावाच्या अभ्यासांनी या विषयातला मोठा गोंधळ मिटवला. पहिल्या अभ्यासात, २००० साली, दिसले की नुसती शस्त्रक्रिया झालेल्यांत पाच वर्षांत शंभरातल्या १४ जणींना ओटीपोटात किंवा योनीमार्गात रोग परत आला, बाहेरून किरण दिलेल्यांत ४ जणींना. परत आलेल्या रोगातला जवळजवळ तीन चतुर्थांश योनीमार्गातच होता, मुख्यतः वरच्या टोकाला, जिथे पिशवी कापून टाके घातलेले असतात. मग पूर्ण ओटीपोटावर किरण कशाला? २०१० साली दुसऱ्या अभ्यासाने ४२७ स्त्रियांत दोन्ही उपचार ताडून पाहिले. पाच वर्षांत योनीमार्गात रोग परतण्याचे प्रमाण दोन्हीकडे शंभरात दोनहून कमी. जुलाबाचा त्रास मात्र आतून किरण दिलेल्यांत फार कमी होता.

या उपचाराने आयुष्य वाढते असे सिद्ध झालेले नाही, हेही रुग्णाला सांगावे. रोग त्या जागी परतला तरी तेव्हा किरण देऊन अनेकींचा तो बरा करता येतो. प्रश्न असतो तो परतू द्यायचा का, आणि मग मोठा उपचार पत्करायचा का, हा. ज्यांना धोका मध्यम आहे त्यांनी छोटा उपचार आत्ताच घ्यावा, असे माझे मत आहे. ज्यांना धोका अगदी कमी आहे त्यांना तो देऊ नये, असेही तितकेच ठाम मत आहे.

प्रत्यक्षात होते ते असे. टाके भरून आले की, साधारण चार ते सहा आठवड्यांनी, बोलावतात. अंगठ्याहून जाड, गुळगुळीत प्लॅस्टिकचा दंडगोल योनीमार्गात बसवतात. भूल लागत नाही, थोडे अवघडल्यासारखे वाटते. स्कॅन करून जागा तपासतात. दंडगोल यंत्राला जोडतात, सगळे बाहेर जातात, दार बंद होते. कॅमेऱ्यातून बाई दिसत असते, बोललेले ऐकू येते. दाणा तारेवरून आत जातो, ठरलेल्या जागी काही सेकंद थांबत मागे सरकतो आणि यंत्रात परत जातो. दाणा नवा असेल तर काही मिनिटे लागतात, तीन महिन्यांचा जुना इरिडियमचा असेल तर दुप्पटीहून जास्त वेळ. दुखत नाही, काही जाणवतही नाही. नेदरलँड्सच्या पद्धतीत दर खेपेला ७ ग्रे अशा तीन खेपा होत्या, आठवड्याच्या अंतराने. ही मात्रा मोजतात ती दंडगोलाच्या पृष्ठभागापासून पाच मिलिमीटर खोलीवर. पलीकडे ती झपाट्याने उतरते, ते दिव्याच्या त्याच नियमाने.

दाणा यंत्रात परतला की शरीरात काही उरत नाही. किरण भिंतीवर पडून गेलेल्या उजेडासारखे, साठून राहत नाहीत. बाई त्याच दिवशी घरी जाते, जेवण वाढते, नातवाला मांडीवर घेते. कर्मचारी बाहेर जातात ते रुग्ण धोकादायक आहे म्हणून नव्हे. रुग्णाला तीन खेपा घ्यायच्या आहेत, त्यांना मात्र रोज हेच काम वर्षानुवर्षे करायचे आहे म्हणून.

काही दिवस लघवीला जळजळ होते, पांढरे जाते. पुढे योनीमार्ग कोरडा पडतो, अरुंद होऊ शकतो. त्यासाठी डायलेटर नावाची साधी प्लॅस्टिकची कांडी आठवड्यातून दोन-तीनदा वापरायला देतात. ही गोष्ट आपल्याकडे डॉक्टरही घाईत सांगतात आणि बायकाही संकोचाने विचारत नाहीत. नवरा नसला, संबंध होत नसले, तरी ती वापरावी, कारण पुढच्या तपासण्या त्याच वाटेने व्हायच्या असतात. पहिली दोन-तीन वर्षे तपासण्या जवळजवळ असतात. त्यांच्या मध्ये कधी अंगावरून लाल गेले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालयात यावे.